पैसे नसलेला बॅटमन

बॅटमनचा बंगला, बटलर आणि बँक बॅलन्स काढून घेतला तर उरतं काय? डीसी कॉमिक्सने ऑक्टोबर २०२४मध्ये ‘अ‍ॅब्सोल्यूट’ नावाने नवं विश्व सुरू केलं, तेव्हा वाटलं होतं, झालं, पुन्हा पहिला अंक छापून आपला खिसा कापणार! २०२५ संपताना ते शब्द गुपचूप मागे घेतोय.

स्कॉट स्नायडर आणि निक ड्रगोटाचा ब्रूस वेन सिव्हिल इंजिनीअर आहे. (इंजिनीअरिंगवाल्यांनो, कॉलर टाइट करा.) आई जिवंत आहे, आणि गडगंज श्रीमंत आहे तो जोकर! यंदा बेनने ब्रूसच्या बालपणीच्या मित्रांनाही गाठलं. जुन्या बॅटमनने पैसा ओतून त्यांना कुठेतरी लपवलं असतं. याला ते परवडतच नाही. ते अंक वाचताना खरंच पोटात गोळा येतो.

वंडर वुमन नरकात वाढलीय, तरी सगळ्यांत प्रेमळ तीच. ‘मार्शियन मॅनहंटर’ तर चुकवूच नका, हाविएर रोद्रिगेझने माणसांचे विचार रंगीत धुरासारखे काढलेत. ‘फ्लॅश’ मात्र नावाला न शोभेल इतका रेंगाळला.

आता दुखणं. एक अंक ४.९९ डॉलरला. सहाही मालिका घ्यायच्या तर महिन्याला जवळपास ३० डॉलर, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी विषयच संपला. त्यापेक्षा एकत्रित खंडांची वाट बघा. बॅटमनचा पहिला खंड, ‘द झू’, आम्ही तिघांनी वर्गणी काढून घेतलाय. सध्या तो कोणाच्या रूमवर राहणार यावरून वाद चालू आहे.