पंचवीस डॉलरांचं गाणं

अँड्र्यू जेंकिन्स हे नाव इथे, जॉर्जियातल्या अल्फारेटात, माझ्या ओळखीच्या कुणालाही माहीत नाही. त्यात त्यांचा दोष नाही. शंभर वर्षांपूर्वी ज्यांना त्याचं गाणं तोंडपाठ होतं, त्यांच्यातल्याही बहुतेकांना ते कुणी रचलं याच्याशी देणंघेणं नव्हतं.

मी मूळचा मिरजेचा. घरी चावीचा फोनो आणि बालगंधर्वांच्या तबकड्या होत्या, त्यामुळे लाखेच्या काळ्या तबकडीचं वेड घेऊनच मी अमेरिकेत आलो. इथल्या जुन्या सामानाच्या दुकानांत अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या चाळताना एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. गायकाचं नाव ठळक असतं आणि रचणारा असलाच तर कंसात, बारीक अक्षरांत. त्या कंसातल्या माणसांमागे लागलो आणि जेंकिन्स भेटला.

अल्फारेटा आज जीए-४०० महामार्गालगतचं सॉफ्टवेअरवाल्यांचं गाव आहे. १९२५ साली मात्र इथे कापूस पिकत होता आणि बोंडांतल्या सोंडकिड्यानं शेतकरी मेटाकुटीला आला होता. फुल्टन काउंटीत हा भाग आला तो १९३२ साली. तोवर इथली मिल्टन काउंटी वेगळी होती. या कापूसवाल्यांना कुणी तबकड्या विकू शकेल, असं न्यूयॉर्कच्या कंपन्यांना वाटतच नव्हतं. ते सुचलं अटलांटातल्या एका फर्निचरवाल्याला. पोल्क ब्रॉकमन आजोबांच्या दुकानात फोनोग्राफ विकत असे, कारण फोनोग्राफ तेव्हा लाकडी कपाटच होतं आणि कपाटं फर्निचरच्या दुकानात मिळायची. कपाट विकलं की ग्राहक तबकड्या मागायला येणार, आणि त्याला काय हवं हे ब्रॉकमनला काउंटरवरूनच कळायचं.

जून १९२३ मध्ये त्याच्या आग्रहावरून ओके या तबकड्यांच्या कंपनीचा राल्फ पीअर अटलांटात आला. नासाऊ स्ट्रीटवरच्या एका रिकाम्या इमारतीत कर्णा लावला गेला आणि फिडलर जॉन कॅरसनचं गाणं मेणावर उतरलं. पीअरला ते गाणं भयंकर वाटलं. ब्रॉकमननं तरीही पाचशे प्रती मागवल्या आणि त्या हातोहात खपल्या. कंट्री संगीताच्या धंद्याची सुरुवात इथून धरतात. कॅरसननं त्या दिवशी गायलेलं एक गाणं मात्र त्याचं नव्हतं, ते केंटकीच्या विल हेजनं १८७१ साली लिहिलं होतं. म्हणजे गायकाचं नाव पुढे आणि रचणाऱ्याचं मागे, ही रीत पहिल्याच दिवसापासूनची. नासाऊ स्ट्रीटची ती इमारत २०१९ मध्ये हॉटेलसाठी पाडली.

जेंकिन्सचा जन्म १८८५ सालचा, अटलांटाच्या दक्षिणेला जेंकिन्सबर्गचा. तान्हेपणी चुकीचं औषध दिल्यामुळे दृष्टी जवळजवळ गेली. पुढे तो धर्मोपदेशक झाला, पोटासाठी वर्तमानपत्रंही विकली. जी वाचता येत नाहीत ती वर्तमानपत्रं विकणाऱ्या या माणसानं पुढे बातम्यांचीच गाणी केली! १९१९ मध्ये त्यानं एका विधवेशी लग्न केलं. तिच्या मुली गाणाऱ्या होत्या. त्यातली आयरीन त्याच्या रचना कागदावर उतरवून घेई. डब्ल्यूएसबी हे अटलांटाचं रेडिओ केंद्र १९२२ मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी हे कुटुंब तिथे गाऊ लागलं.

३० जानेवारी १९२५ रोजी केंटकीत फ्लॉइड कॉलिन्स नावाचा गुहा धुंडाळणारा माणूस सँड केव्हमध्ये अडकला. पायावर दगड पडला होता, तोही काही प्रचंड नव्हे, पण फटच इतकी अरुंद की हात पोचेना. स्किट्स मिलर नावाचा किरकोळ अंगाचा वार्ताहर सरपटत त्याच्यापर्यंत गेला, त्याच्याशी बोलला आणि पुढे पुलित्झर पारितोषिक मिळवून गेला. वर हजारोंची जत्रा भरली, रेडिओवर रोज बातम्या. १६ फेब्रुवारीला बचावकर्ते पोचले तेव्हा फ्लॉइड मेलेला होता.

ब्रॉकमननं फ्लोरिडातून तार केली: यावर गाणं हवं. जेंकिन्सनं ते तासाभरात रचलं असं सांगतात, आणि मला ते खरं वाटतं, कारण साचा त्याच्या हाताखालचाच होता. आधी ऐकणाऱ्यांना हाक, मग आईबापांची विनवणी, मग घटना, शेवटी उपदेश. आपल्या पोवाड्याच्या जवळचंच हे काम. मोबदला पंचवीस डॉलर, रोख, एकदाच. तेव्हा तबकडीची किंमत पंचाहत्तर सेंट होती; म्हणजे अख्खं गाणं तेहतीस तबकड्यांच्या भावात गेलं.

कॅरसननं ते एप्रिलमध्ये गायलं, पण फारसं खपलं नाही. मग हक्क कोलंबिया कंपनीकडे गेले आणि मे महिन्यात व्हर्नन डालहार्टनं ते गायलं. डालहार्ट टेक्सासचा, ऑपेरात गाऊन आलेला. त्याचा स्वर धुतल्या कापडासारखा. त्याच्या तबकडीच्या तीन लाखांच्या आसपास प्रती विकल्या गेल्या. पुढे लोकगीतं गोळा करणाऱ्या अभ्यासकांना खेडोपाडी हेच गाणं लोकगीत म्हणून मिळू लागलं.

कर्त्याचं नाव पुसलं जाण्याचा हा धोका आपल्या शाहिरांना माहीत असावा. होनाजी, रामजोशी, पठ्ठे बापूराव शेवटच्या कडव्यात नाव गुंफतात, त्यामुळे गाणं कुणीही गावं, कर्त्याचं नाव गाणाऱ्याच्याच तोंडून येतं. पैशाची हमी मात्र त्यातही नव्हती. पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये विपन्नावस्थेतच गेले.

बातमीचं गाणं नेहमी निरागस असतं असंही नाही. अल्फारेटाहून मॅरिएटा फार लांब नाही. मेरी फेगन या तेरा वर्षांच्या मुलीच्या खुनाबद्दल शिक्षा झालेल्या लिओ फ्रँक या ज्यू व्यवस्थापकाला १९१५ साली तुरुंगातून पळवून मॅरिएटातच झुंडीनं फासावर लटकवलं. त्या प्रकरणावर कॅरसननं गाणी रचून गायली आणि फ्रँकविरुद्धच्या द्वेषाला तेल घातलं. १९८६ मध्ये जॉर्जियानं फ्रँकला मरणोत्तर माफी दिली. त्यातल्या एका गाण्याची १९२५ ची तबकडी, कॅरसनच्या मुलीनं गायलेली, अजून ऐकायला मिळते. मी ती एकदा ऐकली, पुन्हा लावलेली नाही.

जेंकिन्सच्या नावावर शेकडो गाणी आहेत, पण त्याचा शोध दोन ठिकाणी घ्यावा लागतो. कुटुंबासोबत आणि ‘ब्लाइंड अँडी’ म्हणून त्यानं स्वतः गायलेल्या तबकड्यांत मुख्यतः भक्तिगीतं आहेत. ज्यांनी पैसा केला ती गाणी दुसऱ्यांच्या गळ्यात सापडतात. रेल्वे इंजिनच्या चालकावरचं त्याचं एक गाणं जिमी रॉजर्सनं ३० नोव्हेंबर १९२७ रोजी कॅम्डेनमध्ये गायलं. त्याच बैठकीत रॉजर्सला अजरामर करणारं ‘ब्लू योडेल’ही मुद्रित झालं. जेंकिन्स १९५७ मध्ये वारला.

अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे १९२५ च्या ध्वनिमुद्रणांचे हक्क १ जानेवारी २०२६ ला संपले. फ्लॉइडच्या गाण्याची तबकडी आता कुणीही मोकळेपणानं वाजवावी, वाटावी. ऐकायची तर आधी कॅरसनची ऐका. त्याचा आवाज खरबरीत आहे, फिडल कधी पुढे जाते कधी मागे राहते, पण माणूस मेल्याची बातमी कुणीतरी गावात येऊन सांगतोय असं वाटतं. डालहार्टची त्यानंतर ऐका. खपली तीच, आणि का खपली ते पहिल्याच कडव्यात कळतं: एकही शब्द सुटत नाही.