डोंगर आणि शब्द

भोर-वेल्ह्यात डोंगर ही नुसती उपमा नाही. वेल्ह्यात उभे राहिले की १४०३ मीटर उंचीचा तोरणा अंगावर येतो. ओढ्याला पाणी आले की आजाऱ्याला झोळीत घालून खाली आणायचे, ते दिवस इथल्या जुन्या माणसांच्या आठवणीत आहेत. मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असला तर डोंगरही हलेल, हे येशूचे बोलणे या मुलखात ऐकले की मनात पहिला प्रश्न येतो तो हा : कुणाचा हलला?

भोर तालुक्यातल्या एका घरगुती प्रार्थनेत मला हा प्रश्न पडला. घरच्या बाई साठी उलटलेल्या. नवऱ्याच्या आजारपणात मंडळीने रात्ररात्र प्रार्थना केली होती, पुण्याला नेऊन उपचारही झाले होते. ते गेले. तरी त्या संध्याकाळी बाईंनी प्रार्थनेची सुरुवात केली ती देवाला अशक्य काही नाही, असे म्हणूनच. सवयीने म्हटल्यासारखे ते वाटले नाही. मग त्याचा अर्थ काय?

मराठी मनाला अशक्य गोष्टी नव्या नाहीत. ज्ञानदेवांची भिंत, वेद बोलणारा रेडा, जनाबाईबरोबर दळायला बसलेला विठ्ठल या कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ख्रिस्ती श्रद्धेतही चमत्कार आहेतच. पण बायबलमध्ये ‘अशक्या’ची भाषा कुठे येते ते पाहिले, तर भर चमत्कारावर नसून दिलेल्या शब्दावर आहे असे दिसते.

उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात म्हातारी सारा मूल होणार हे ऐकून हसते, तेव्हा देवाला काय अवघड आहे, असा प्रश्न येतो. लूकच्या पहिल्या अध्यायात देवदूत मरीयेला तेच सांगतो. दोन्ही ठिकाणच्या मूळ शब्दांना, हिब्रू ‘दाबार’ आणि ग्रीक ‘ऱ्हेमा’ यांना, दोन अर्थ आहेत : ‘गोष्ट’ आणि ‘शब्द’. म्हणजे देवाला कोणतीही गोष्ट अशक्य नाही, याच्या पोटात दुसरा अर्थ आहे : देवाने दिलेला शब्द खाली पडत नाही. ‘शब्द देणे’ आणि ‘शब्द पाळणे’ हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

तिसरी जागा मार्कच्या दहाव्या अध्यायात आहे. तिथे अशक्य ठरते ते श्रीमंताचे देवाच्या राज्यात जाणे. माणसाचे मन बदलणे हेच तिथे डोंगराएवढे काम आहे.

भोरच्या परिसरात हा विश्वास घेऊन आलेल्यांत ‘पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन’ होती. चार्ल्स रीव्ह यांनी ती १८९३ मध्ये सुरू केली. नसरापूर हे तिचे एक केंद्र. लागेल ते देवाकडे मागायचे, अशा श्रद्धेवर चालणाऱ्या मिशनांचा तो काळ होता. त्याच वृत्तीचा ठळक दाखला पुणे जिल्ह्यातच, केडगावला आहे. पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमधील अनाथालय चालवणाऱ्या जॉर्ज म्युलर यांचे चरित्र वाचले होते. अमेरिकेतून दहा वर्षांसाठी कबूल झालेली मदत १८९८ मध्ये संपत होती. त्याच सुमारास दुष्काळातल्या शेकडो मुली-बायका त्यांच्या आश्रयाला आल्या होत्या. हिशेबाने न जमणारा हा पसारा म्हणजे ‘मुक्ती’. प्रार्थना होती, पण विहिरी खणणे, शेती, छापखानाही होता. मिरजेला विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले, तेही श्रद्धेपोटीच. अशक्यावर विश्वास म्हणजे हातपाय न हलवणे नव्हे आणि औषध नाकारणे तर नव्हेच.

रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून बायबलच्या मराठी भाषांतराला आयुष्याची अखेरची वर्षे दिली. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या. त्यांच्याही दारातला प्रत्येक डोंगर हलला नाही.

या श्रद्धेच्या गाभ्यातही एक न हललेला डोंगर आहे. मार्कच्या चौदाव्या अध्यायात, गेथशेमाने बागेत, तुला सर्व शक्य आहे असे येशू पित्याला म्हणतो, दुःखाचा प्याला दूर करण्याची विनंती करतो, आणि लगेच तुझ्या इच्छेप्रमाणे होवो असे म्हणतो. प्याला दूर होत नाही. पुनरुत्थान येते, पण क्रूसाच्या नंतर. देवाचे सामर्थ्य मान्य करणे आणि आपली मागणी त्याच्या हाती सोडणे, ही दोन्ही एकाच प्रार्थनेत आहेत. पहिले ठेवून दुसरे गाळले, की श्रद्धेचा सौदा होतो आणि न बऱ्या झालेल्या माणसालाच ‘तुझा विश्वास कमी पडला’ असे ऐकवले जाते.

निघताना मी बाईंना भीत भीत विचारले, ‘मग प्रार्थना ऐकली गेली नाही, असं नाही वाटत?’

त्या म्हणाल्या, ‘ऐकली. म्हणून तर रडायला जागा आहे मला.’