वाचा गेली, वचने राहिली

पीटर रोमेल या जर्मन वैद्याने १६८३ मध्ये एका स्त्री रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. पक्षाघाताचा झटका आल्यावर तिची वाचा गेली होती. ‘हो’ आणि ‘आणि’ एवढे दोनच शब्द तिच्या तोंडून निघत. तिला समोरच्याचे बोलणे कळत होते, माणसे ओळखू येत होती, पण उत्तर देता येत नव्हते. तरीही रोजच्या प्रार्थनेला बसली की प्रभूची प्रार्थना, मतांगीकार आणि बायबलमधली काही वचने ती न अडखळता, थोडी घाईघाईने पण शब्दन् शब्द म्हणत असे.

रोमेल यांनी आणखी बारकाईने पाहिले. ती ही वचने वर्षानुवर्षांच्या ठरलेल्या क्रमानेच म्हणू शकत होती. क्रम मोडून मधलेच एखादे वचन म्हणायला सांगितले की तिला ते जमत नसे. त्याच प्रार्थनेतले शब्द घेऊन केलेले एखादे छोटे वाक्यही तिला उच्चारता येत नसे. वाचाघाताच्या सर्वांत जुन्या तपशीलवार नोंदींमध्ये ही नोंद गणली जाते.

साडेतीनशे वर्षे होत आली, तरी मेंदूविकाराच्या वॉर्डात हेच दृश्य दिसते. आजोबांना पाणी मागता येत नाही, मुलाचे नाव घेता येत नाही. पण एक ते दहा आकडे, वारांची नावे, लहानपणी पाठ केलेले स्तोत्र ते सुरू करून दिल्यावर पुढे म्हणतात. मग घरात कुजबुज सुरू होते. ‘प्रार्थना म्हणता येते, मग बोलायला काय होतं? मुद्दाम करतात.’ हा गैरसमज रुग्णाच्या फार जिव्हारी लागतो, कारण आपल्याबद्दल काय बोलले जात आहे हे त्याला अनेकदा कळत असते.

दोन वेगळ्या वाटा

आपण एखादे वाक्य नव्याने तयार करतो, तेव्हा मेंदूला शब्द शोधावे लागतात, व्याकरणाने जुळवावे लागतात आणि मग ओठ-जिभेकडे हुकूम पाठवावा लागतो. बहुतेक माणसांत हे काम मेंदूच्या डाव्या अर्धगोलात चालते. तिथला रक्तपुरवठा तुटला की वाचाघात होतो. हजारो वेळा घोकलेली ओळ मात्र दर वेळी नव्याने जुळवावी लागत नाही. ती साखळीसारखी असते. पहिली कडी ओढली की पुढच्या आपोआप येतात. या कामात उजव्या अर्धगोलाचा आणि मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लिया या केंद्रांचा मोठा वाटा असतो. सायकल चालवणे, बटण लावणे अशा सवयींशीही हीच केंद्रे निगडित आहेत.

याची उलट बाजू दाखवणारा एक रुग्ण १९९३ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात नोंदवला गेला. उजव्या बाजूच्या बेसल गँग्लियात इजा झालेल्या एका वृद्ध गृहस्थांचे साधे बोलणे शाबूत होते, पण बालपणापासून पाठ असलेल्या प्रार्थना आणि आशीर्वचने त्यांना म्हणता येईनात. रोमेल यांच्या रुग्णाचे जे गेले होते ते यांच्याकडे होते, आणि तिच्याकडे जे उरले होते ते यांचे गेले होते.

पाठांतराची जुनी परंपरा

ख्रिस्ती धर्मात वचने पाठ करणे ही साधना मानली जाते. देवाचे वचन अंतःकरणात जपून ठेवावे, मुलाबाळांना शिकवावे, घरीदारी त्याचा उच्चार करावा, अशी शिकवण बायबलच्या जुन्या करारातच आहे. चौथ्या शतकात इजिप्तमध्ये संत पाखोमियस यांनी मठवासीयांसाठी नियम घालून दिले. नव्याने आलेल्याला सुरुवातीलाच २० स्तोत्रे किंवा तेवढाच दुसरा भाग पाठ करायला दिला जाई. नवा करार आणि स्तोत्रसंहिता तरी प्रत्येकाला मुखोद्गत असावी, अशी अपेक्षा होती. हातांनी टोपल्या विणायच्या आणि तोंडाने वचने पुटपुटायची, असा त्यांचा दिवस असे.

पाठांतराची सोय काही ठिकाणी मूळ रचनेतच आहे. स्तोत्रसंहितेतले ११९ वे स्तोत्र १७६ ओव्यांचे, बायबलमधला सर्वांत लांब अध्याय. हिब्रू वर्णमालेतल्या २२ अक्षरांप्रमाणे त्याची २२ कडवी आहेत. प्रत्येक कडव्यात ८ ओव्या आणि त्या आठही त्याच अक्षराने सुरू होतात. पुढे काय, हे विसरले तर वर्णमालाच आठवण करून देते. नव्या करारातल्या वचनांना क्रमांक मात्र फार उशिरा मिळाले. पॅरिसचे मुद्रक रोबेर एतिएन यांनी १५५१ च्या आवृत्तीत ते छापले. एकेक वचन क्रमांकासह लक्षात ठेवण्याची आजची पद्धत त्यानंतरची.

मराठी मातीला हे परके नाही. पाढे, मनाचे श्लोक, हरिपाठ तोंडपाठ करणाऱ्या या प्रदेशात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ ओवीतच रचले, कारण ओवी कानावाटे मनात बसते. मराठी बायबलमध्येही वचनाला ‘ओवी’ म्हणण्याची रूढी आहे. अहिल्यानगर-जालन्याकडच्या चर्चमध्ये संडे स्कूलची मुले पाठांतराचे वचन म्हणून दाखवतात, तर वसईच्या घराघरांत संध्याकाळी रोजरी म्हटली जाते. वाचता न येणाऱ्या आजीलाही तेविसावे स्तोत्र पाठ असते, ते ऐकून ऐकून.

घोकण्याचेही शास्त्र आहे

हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले, की पाठ केलेले सर्वाधिक विसरणे पहिल्या काही तासांत आणि एक-दोन दिवसांत होते, नंतर वेग मंदावतो. अर्थपूर्ण काव्य पाठ करायला त्यांना निरर्थक अक्षरांच्या मानाने सुमारे एक दशांशच कष्ट पडले. म्हणजे अर्थ समजून घेणे हा पाठांतराचा शत्रू नाही, तो मोठा आधार आहे.

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी एकदा वाचून न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. संडे स्कूलच्या बाई पुस्तक मिटायला लावून वचन म्हणून घेतात, त्यामागचे तत्त्व हेच.

वय झाले म्हणून पाठांतर होत नाही, हेही खरे नाही. जॉन बेसिंगर या अमेरिकी गृहस्थांनी वयाच्या ५८ व्या वर्षी मिल्टनचे ‘पॅराडाइज लॉस्ट’ पाठ करायला घेतले. दहा हजारांहून अधिक ओळींचे हे महाकाव्य त्यांनी काही वर्षांत पूर्ण केले. ७४ व्या वर्षी मानसशास्त्रज्ञांनी त्यांची परीक्षा घेतली, तेव्हाही बहुतांश भाग त्यांना अचूक आठवत होता. रोज ठरावीक वेळ सराव, हेच त्यांचे गुपित.

ज्यांना वचन, अभंग किंवा कविता पाठ करायची आहे, त्यांनी एका वेळी एक-दोनच ओळी घ्याव्यात. आधी अर्थ समजून घ्यावा, मोठ्याने म्हणावे, मग न पाहता आठवावे. त्याच रात्री झोपण्यापूर्वी, दुसऱ्या दिवशी, तीन-चार दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने अशी उजळणी करावी. पुरेशी झोप घ्यावी, कारण दिवसभरात शिकलेले पक्के होण्याचे बरेच काम झोपेत चालते.

लाभ किती, मर्यादा कुठे

इटलीतल्या लुचियानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. लॅटिनमधून रोजरी म्हणताना, तसेच योगातला मंत्र म्हणताना, २३ निरोगी व्यक्तींचा श्वास संथ होऊन मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेची संवेदनशीलता वाढली. अभ्यास छोटा होता. त्यावरून रक्तदाबाची गोळी बंद करणे धोक्याचे ठरेल. पण संथ लयीत म्हटलेली प्रार्थना मन का शांत करते, याचा एक शारीरिक धागा त्यातून हाती येतो.

‘पाठांतराने अल्झायमर टळतो’ असे ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही. मात्र स्मृतिभ्रंश झालेल्या अनेकांना सकाळचा नाश्ता आठवत नसला, तरी बालपणीची प्रार्थना आठवते. नव्या आठवणी साठवणारा हिपोकॅम्पस हा भाग या आजारात लवकर बिघडतो. पक्क्या मुरलेल्या जुन्या गोष्टी अधिक काळ टिकतात. बेचैन झालेल्या आजीजवळ बसून तिचे नेहमीचे स्तोत्र तिच्याबरोबर म्हटले, तर ती बरेचदा शांत होते. इथे परीक्षा घेऊ नये. ती अडली तर पुढचा शब्द आपण म्हणावा.

एक सावधगिरीही हवी. वचन ‘बरोबर’ म्हटले गेले नाही या भीतीने तेच शंभरदा म्हणणे, त्यात तासन् तास जाणे, चुकले तर देव शिक्षा करील म्हणून जीव कासावीस होणे, हे भक्तीचे लक्षण नाही. तो मंत्रचळ म्हणजे ओसीडी हा आजार असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. मुलांच्या बाबतीतही पाठांतराला शिक्षा जोडली, तर वचन विसरले जाते आणि भीती तेवढी लक्षात राहते.

कुटुंबाने काय करावे

चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एका हातातली ताकद जाणे, अचानक बोलणे अडखळणे किंवा बंद होणे, यांपैकी काहीही दिसले तर वेळ न दवडता सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. त्या वेळी रुग्ण प्रार्थना नीट म्हणू शकतो, म्हणून ‘वाचा ठीक आहे’ असा निष्कर्ष काढू नये. त्याला एखाद्या वस्तूचे नाव विचारावे, नवे छोटे वाक्य म्हणायला सांगावे.

वाचाघात झाला असेल, तर वाचा-उपचारतज्ज्ञाला रुग्णाच्या पाठ असलेल्या प्रार्थना, गाणी, पाढे यांची यादी आवर्जून द्यावी. तज्ज्ञ अनेकदा तिथूनच सुरुवात करतात. आपल्या तोंडून पुन्हा शब्द निघाले, हे ऐकून रुग्णाला धीर येतो. पुढचा, स्वतःचा शब्द मिळवण्याची वाट लांबची आहे. त्या वाटेवर घरच्यांनी त्याच्यावर संशय घेऊ नये, रोज थोडा वेळ त्याच्याजवळ बसावे.