ज्येष्ठ, वृद्ध की म्हातारे?

एखाद्या वयोवृद्ध व्यक्तीला काय म्हणावे, हे नात्यावरून, ओळखीवरून आणि घरच्या रीतीवरून ठरते. आजोबा, काका, मावशी, गुरुजी ही संबोधने तेथे आपोआप तोंडी येतात. परंतु त्याच वयाच्या लक्षावधी माणसांचा एकत्रित उल्लेख करण्याची वेळ आली, की सरकारी लेखणी आणि वर्तमानपत्राची लेखणी दोन्ही अडखळतात. वृद्ध म्हणावे तर ते वर्मी लागते, म्हातारे म्हणावे तर असभ्य ठरते, वयस्कर म्हणावे तर मोघम वाटते. 2011 च्या जनगणनेनुसार भारतात साठी ओलांडलेल्या माणसांची संख्या 10 कोटी 38 लाखांच्या घरात होती. एवढ्या मोठ्या समुदायाला काय म्हणावे, हा केवळ शिष्टाचाराचा किरकोळ प्रश्न नव्हे. समाज ज्या नावाने एखाद्या वर्गाला ओळखतो, त्या नावातच त्या वर्गाला काय द्यायचे आणि काय नाकारायचे याचा निर्णय पुष्कळदा दडलेला असतो.

मुळात हे शब्द अपमानकारक नव्हते. 'म्हातारा' हा शब्द व्युत्पत्तीचे अभ्यासक 'महत्तर', म्हणजे अधिक मोठा, या संस्कृत शब्दापर्यंत नेऊन पोहोचवतात. राष्ट्रकूटांच्या काळात ज्यांना ग्राममहत्तर म्हणत, ते गावच्या कारभारात ज्यांचा शब्द चालत असे असे प्रतिष्ठित लोक होते. 'वृद्ध' हा शब्द 'वृध्', म्हणजे वाढणे, या धातूपासून आला. 'वृद्धी' ही त्याचीच बहीण. आणि ज्या 'ज्येष्ठ' शब्दाला आज आपण अधिक सभ्य मानतो, त्याचेही 'वृद्ध'शी घरचेच नाते आहे. पाणिनीच्या सूत्रांप्रमाणे 'इष्ठ' प्रत्यय लागताना 'वृद्ध' शब्दाच्या जागी 'ज्य' येतो आणि 'ज्येष्ठ' हे रूप सिद्ध होते. तात्पर्य, शब्दांत खोट नव्हती. ती वापरामुळे आली. साठी बुद्धी नाठी म्हणणाऱ्या, म्हातारेकोतारे असा जोडशब्द सहज वापरणाऱ्या आणि म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, अशी म्हण रूढ करणाऱ्या समाजाने एकेकाळच्या 'महत्तरा'ला अडगळीत नेऊन बसवले. दृष्टी तीच राहिली, तर उद्या 'ज्येष्ठ' शब्दाचीही तीच गत होण्यास वेळ लागणार नाही.

केवळ नाव बदलून भागत नाही, याचे एक उद्बोधक उदाहरण जपानचे आहे. एप्रिल 2008 मध्ये तेथे 75 वर्षे व त्यापुढील वयाच्या लोकांसाठी वेगळी वैद्यकीय विमा व्यवस्था सुरू झाली. तिच्या अधिकृत नावात या लोकांना 'उत्तर टप्प्यातील वृद्ध' अशा अर्थाची संज्ञा होती. त्यावर मोठा संताप उसळला. आयुष्याचा शेवटचा टप्पा सुरू झाल्याचे सरकारने जणू लेखी कळवले, अशी अनेकांची भावना झाली. पंतप्रधान फुकुदा यांच्या सरकारने घाईघाईने 'दीर्घायुष्य वैद्यकीय व्यवस्था' असे गोड नाव पुढे केले. परंतु विम्याचा हप्ता निवृत्तिवेतनातून परस्पर कापला जातच होता आणि म्हणून रागही ओसरला नाही. आपल्याकडेही रेल्वेच्या आरक्षणात 'ज्येष्ठ नागरिक' हा शब्द टिकला, पण भाड्यातील त्यांची सवलत मार्च 2020 मध्ये काढून घेण्यात आली. आदरार्थी नाव राहिले आणि आदराचा व्यवहार तेवढा गेला.

मग वय झालेल्या माणसांना स्वतःला काय आवडते? याचे उत्तर त्यांच्या संघटनांनी आपल्या कृतीने दिले आहे. महाराष्ट्रातील शहरांत आणि तालुक्याच्या गावांत त्यांनी जे संघ उभारले, त्यांना बहुधा 'ज्येष्ठ नागरिक संघ' असेच नाव दिले. या नावाचे खरे बळ 'ज्येष्ठ' या विशेषणात नसून 'नागरिक' या नामात आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठी संसदेने 2007 साली केलेल्या कायद्यानेही साठ वर्षे पूर्ण केलेला भारताचा नागरिक, अशीच व्याख्या केली. नागरिक म्हटले की हक्क आला, आणि हक्क आला की उपकाराची भाषा संपते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कविषयक समितीने 1995 साली अनेक पर्यायी संज्ञा बाजूला ठेवून 'ओल्डर पर्सन्स', म्हणजे वयाने अधिक असलेल्या व्यक्ती, हा शब्दप्रयोग निवडला, तोही याच दिशेचा म्हणावा लागेल. 'पिकली पाने' ही करुणा आणि 'अनुभवाचे भांडार' ही स्तुती, या दोहोंत माणूस व्यवहारातून बाजूला सारला जातो. व्यक्ती आणि नागरिक या शब्दांत तो व्यवहारातच राहतो.

परंतु हा नागरिकत्वाचा शब्द सर्वांच्या वाट्याला येतो काय? आयकर खाते साठ वर्षांच्या करदात्यास ज्येष्ठ आणि ऐंशी वर्षांच्या करदात्यास अतिज्येष्ठ नागरिक मानते. राज्य परिवहनाने 2022 साली 75 वर्षांवरील प्रवाशांना विनामूल्य प्रवास देताना त्यांना 'अमृत ज्येष्ठ नागरिक' म्हटले. मात्र त्याच वयाची, आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबलेली निर्धन स्त्री तहसील कचेरीत जाते, तेव्हा तिचा अर्ज 'निराधार' किंवा 'श्रावणबाळ' या नावाच्या योजनेखाली दाखल होतो. श्रावणबाळ हे पुत्राचे नाव आहे. पैसे घेणारी माता त्या नावात कोठेच नाही. शासन स्वतःला आज्ञाधारक मुलाच्या जागी कल्पिते आणि हक्काच्या रकमेला सेवेचे रूप देते. ही रक्कम 2023 पासून दरमहा 1,500 रुपये आहे. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत तर 60 ते 79 वयाच्या व्यक्तीसाठी केंद्राचा वाटा महिना 200 रुपयांवरच अडकून पडला आहे. यालाही निवृत्तिवेतनच म्हणतात. ज्या स्त्रीला कामातून कोणी कधी निवृत्त केलेच नाही, तिला या शब्दाचा अर्थ कोणी समजावून सांगावा? बँकेच्या खिडकीशी निवृत्त अधिकाऱ्याला 'साहेब' म्हणायचे आणि कचेरीच्या पायरीवर तिला 'ए म्हातारे' म्हणून बाजूला सारायचे, हा भेद वयाचा नसून पैशाचा आणि जातिवर्गाचा आहे.

समुदायाच्या नावाबरोबर एकेकट्याला मारावयाच्या हाकेचाही विचार करावा लागतो. 'आजी' ही हाक मराठीत मायेची आहे, हे खरेच; परंतु रुग्णालयात तीस वर्षे शिकवलेल्या बाईंनाही 'आजी, झालं का जेवण?' असे लहान मुलाशी बोलावे तसे विचारले जाते, तेव्हा मायेच्या आडून त्यांचे सारे आयुष्य पुसले जाते. ज्यांना ती हाक गोड वाटते त्यांना ती जरूर मारावी. ज्यांना वाटत नाही त्यांना नाव घेऊन आणि अहोजाहो करून बोलावे. कोणाला काय हवे, हे विचारण्यास क्षणभर पुरतो.

शाळेतील शिक्षक, कचेरीतील कारकून आणि महाविद्यालयातील विद्यार्थी यांच्याच तोंडून हे शब्द दिवसभर बाहेर पडतात. म्हणून सुधारणाही तेथूनच सुरू होऊ शकते. शासनाकडे मात्र एवढीच मागणी करावीशी वाटते, की करदात्याच्या विवरणपत्रावर जो 'नागरिक' हा शब्द छापला जातो, तोच निर्धन वृद्धेच्या अर्जावरही छापला जावा. आणि तो छापल्यानंतर, त्या शब्दाला शोभेल इतकी रक्कम त्या अर्जाच्या मोबदल्यात तिच्या हाती पडावी.