काडतुसं किती बाळगावीत?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

१८ ऑगस्ट २०२२ हा दिवस श्रीवर्धन तालुक्यातला माणूस इतक्यात विसरायचा नाही. हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस नौका लागली. आत माणूस कुणीच नव्हता, पण तीन एके-४७ रायफली आणि त्यांच्या गोळ्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी दहीहंडी, गणपती दोन आठवड्यांवर. बघता बघता सगळीकडे नाकाबंदी झाली. १९९३ साली याच तालुक्यातल्या शेखाडीला शस्त्रं आणि स्फोटकं उतरवली गेली होती आणि १२ मार्चला मुंबईत काय झालं ते आपण सगळे जाणतो. त्यामुळे लोकांच्या पोटात गोळा आला तो उगाच नाही.

त्याच दिवशी तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत खुलासा केला. नौका मस्कतहून युरोपला निघाली होती. २६ जूनला भर समुद्रात तिचं इंजिन बंद पडलं. आतल्या माणसांना कोरियाच्या एका युद्धनौकेनं वाचवलं, पण समुद्र खवळलेला असल्यामुळे नौका ओढून नेता आली नाही. ती त्रेपन्न दिवस वाहत वाहत आपल्या दारात आली. रायफलींचा संबंध सागरी सुरक्षा पुरवणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीशी असल्याचं तपासात पुढे आलं. म्हणजे शस्त्रं होती ती राखणदारीच्या धंद्यातली. इंजिन बंद पडलं तेव्हा त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही, आणि मागे राहिली तेव्हा त्यांनी एका अख्ख्या राज्याची झोप उडवली.

त्यानंतर काही दिवसांनी आमच्या गावातले एक बागायतदार माझ्याकडे आले. त्यांची नारळ-सुपारीची वाडी गावाबाहेर. मुलं मुंबईला, घरात दोघंच. रानडुकरांपासून पीक राखायला वडिलांच्या वेळेपासून बारा बोअरची दोननळी बंदूक आहे, परवान्यासकट. म्हणाले, "कॅप्टनसाहेब, परवान्यावरची काडतुसं वाढवून घ्यावी म्हणतो. किती मागू?" मी कॅप्टन कधीच नव्हतो. चीफ ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. पण आमच्याकडे जहाजावर गेलेला प्रत्येक जण कॅप्टनच. प्रश्न मात्र विचार करण्यासारखा होता.

आधी परवान्याचं सांगतो. शस्त्र अधिनियम १९५९ सालचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. काडतुसांचे परवान्यावर दोन वेगळे आकडे असतात. एका वेळी जास्तीत जास्त किती जवळ ठेवायची, हा एक. वर्षभरात किती विकत घ्यायची, हा दुसरा. बरेच जण हे दोन आकडे एकच समजतात. पण दोन्ही मर्यादाच आहेत. तेवढी घरात असलीच पाहिजेत, असं त्यांत कुठं म्हटलेलं नाही.

मग किती ठेवायची? याचा हिशेब मी जहाजावर शिकलो. २००८ ते २०११ ही सोमाली चाच्यांची ऐन भराची वर्षं. एडनच्या आखातातून जाताना आम्ही कठड्याला काटेरी तारा बांधायचो, पाण्याचे फवारे लावून ठेवायचो, सगळ्यांना आत कोंडून घेता येईल अशी एक भक्कम खोली तयार ठेवायचो. पुढे सशस्त्र रक्षक येऊ लागले. साधारणपणे चौघांची तुकडी असे. त्यांच्या गोळ्या बंद पेटीतून मोजून चढत आणि मोजून उतरत. एखादी इशाऱ्याची गोळी झाडली, तर वेळ, ठिकाण आणि कारण लिहून ठेवायचं.

मला आधी वाटे, ह्यांनी पेट्याच्या पेट्या का आणू नयेत? एका तुकडीप्रमुखाला मी तसं विचारलंही. तो म्हणाला, आम्ही लढाई जिंकायला आलेलो नाही. संशयित होडी जवळ येऊ लागली की आधी रायफल डोक्यावर धरून दाखवायची. तरी आली तर पाण्यात इशाऱ्याची गोळी. माणसावर नेम धरणं अगदी शेवटी, जीव वाचवायला दुसरा उपायच नसेल तर. होडी वळली की काम संपलं, तिचा पाठलाग करायचा नाही. म्हणजे गोळ्या लागतात त्या होडी वळेपर्यंत किंवा नौदलाची मदत पोचेपर्यंत. तो हिशेब वेळेचा होता. चाचे किती असतील या भीतीला त्यात जागा नव्हती.

हिशेब सुटला की काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये तमिळनाडूत तुतिकोरिनजवळ 'सीमन गार्ड ओहायो' हे जहाज पकडलं गेलं. ते जहाजांना रक्षक पुरवणाऱ्या एका कंपनीचं होतं. त्यावर पस्तीस माणसं, पस्तीस रायफली आणि साडेपाच हजारांहून जास्त गोळ्या होत्या. आमचा धंदाच संरक्षणाचा, असं त्यांचं म्हणणं. पण आपल्या हद्दीत एवढा साठा कुठल्या परवानगीनं आणला, हा सरकारचा सवाल. जानेवारी २०१६ मध्ये पाच-पाच वर्षांची शिक्षा झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठानं सगळ्यांना निर्दोष सोडलं. निर्दोष ठरले खरे, पण त्यात चार वर्षं गेली. जवळ बाळगलेल्या प्रत्येक गोळीचं उत्तर कधी ना कधी कुणीतरी मागतंच.

हा वेळेचा हिशेब आपल्या किनाऱ्याला नवा नाही. मुरूडसमोर जंजिरा आहे आणि त्याच्यावर नजर ठेवायला शिवाजी महाराजांनी उभारलेला पद्मदुर्ग आहे. चहूबाजूंनी पाणी. पावसाळ्यात दर्या बंद झाला की मदत पोचणं महाकठीण. अशा ठिकाणी साठा महिन्यांच्या हिशेबानंच ठेवावा लागतो. जानेवारी १६७५ मध्ये प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांनी पद्मदुर्गाच्या कामी रसद आणि पैसा वेळेवर पोचवला नाही, म्हणून महाराजांनी त्यांची कडक शब्दांत कानउघाडणी केली होती. ते पत्र आजही उपलब्ध आहे. मदतीला उशीर म्हणजे काय, हे किल्ल्यावरचा माणूस जाणत होता.

पण साठा नुसता ठेवून भागत नाही, तो सांभाळावा लागतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात दारूखान्याच्या बारीकसारीक सूचना आहेत. तो राहत्या घरांपासून दूर असावा, वाऱ्याची दिशा बघून बांधावा, आत ओल शिरू देऊ नये, आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावं, परत मोहोर करून ठेवावं, राखणीला कायम माणसं असावीत. जेवढा साठा जास्त, तेवढं हे काम जास्त. दमट हवेतल्या कोकणी माणसाला हे वेगळं सांगायला नको. कागदी नळीची जुनी काडतुसं पावसाळ्यात फुगतात आणि नळीत बसतच नाहीत. प्लास्टिकची बरी, पण वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या काडतुसावर जिवाचा भरवसा ठेवू नये.

आता घराकडे येऊ. किल्ल्याला मदत महिन्यांनी मिळे, जहाजाला काही तासांनी. गावातल्या घराला ती काही मिनिटांत ते फार तर तासाभरात मिळायला हवी. ११२ क्रमांक आहे, समुद्रात काही दिसलं तर तटरक्षक दलाचा १५५४ आहे, गावचं सागर रक्षक दल आहे. कायदाही हेच धरून चालतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ मध्ये स्वसंरक्षणाच्या हक्काला दोन कुंपणं घातली आहेत. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क चालत नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. जुन्या दंड संहितेच्या कलम ९९ मध्येही हेच होतं. तेव्हा घरातल्या माणसाला गोळ्या लागल्याच, तर आड घेऊन मदत येईपर्यंतच्या थोड्या वेळापुरत्या लागतील.

आम्ही दोघांनी कागद-पेन्सिल घेतली. दोननळीत दोन. हाताशी आणखी दोन. एखादं सर्द निघालं तर म्हणून थोडी वरकड. डुकरं हुसकायला वर्षभरात त्यांनी मोजून तीन बार काढले होते. दहाच्या आतच हिशेब बसला. परवान्यावरचा आकडा त्याहून मोठाच होता. कपाट उघडलं तर जुन्या काडतुसांचा एक डबा निघाला, त्यातली निम्मी फुगलेली. ती विस्तवात किंवा विहिरीत टाकायची नसतात. पोलीस ठाण्याला कळवून, ते सांगतील तशी जमा करायची.

त्यांनी अर्ज केला नाही. वाडीच्या वाटेवर दिवा बसवला, मागच्या दाराला नवी कडी लावली, बंदूक एका कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात ठेवली. घरात नातवंडं सुट्टीला येतात, त्यामुळे हे दुसरं कुलूप मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांनी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मला मदत किती वेळात पोचेल? तेवढ्या वेळात मी खरोखर किती बार काढू शकेन? आणि उद्या मी घरी नसेन, आजारी असेन किंवा या जगातच नसेन, तेव्हा उरलेली काडतुसं कुणाच्या हाती लागतील? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आकडा सांगतात. तिसऱ्याचं उत्तर सापडलं नाही, तर तो आकडा आणखी खाली आणावा.