लिलावात महाग कोण, स्वस्त कोण?

सांगली - लिलावात सारा पैसा एका मोठ्या खेळाडूवर ओतावा की समतोल संघ उभारावा, हा क्रीडाप्रेमींचा नेहमीचा वाद. सांगलीकरांसाठी तो अधिक जिव्हाळ्याचा आहे.

महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात, १३ फेब्रुवारी २०२३ रोजी, सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनासाठी बंगळूर संघाने ३ कोटी ४० लाख रुपये मोजले. प्रत्येक संघाला खर्चमर्यादा होती १२ कोटींची. म्हणजे चौथ्या हिश्श्याहून अधिक रक्कम एकटीवर गेली. त्या हंगामात स्मृतीच्या नेतृत्वाखालील संघाने आठपैकी दोनच सामने जिंकल्याने आक्षेपांना बळ मिळाले.

१७ मार्च २०२४ च्या अंतिम सामन्यात मात्र चित्र पालटले. दिल्लीचा डाव बिनबाद ६४ वरून ११३ धावांत आटोपला. श्रेयांका पाटील, आशा शोभना आणि डिसेंबर २०२३ च्या लिलावात घेतलेली सोफी मोलिनू या फिरकी गोलंदाजांनी नऊ बळी टिपले. तिघींची एकत्रित किंमत होती अवघी ५० लाख रुपये. बंगळूरने आठ गडी राखून विजेतेपद पटकावले.

तात्पर्य, महागड्या खेळाडूचे मोल तिच्या भोवतालच्या स्वस्त, पण अचूक निवडींवर ठरते.