मूठभर तांदूळ आणि दहा सेंटांचा भाग
(मिशनकार्यास मुलांचे व कुटुंबांचे साहाय्य कसे होते, याविषयी थोडे विवेचन)

धर्मकार्यास पैसा लागतो, आणि तो श्रीमंतांकडूनच यावयाचा, असा सर्वसाधारण समज आहे. ख्रिस्ती मिशनांच्या इतिहासाकडे पाहिले असता हा समज पुष्कळ अंशी खोटा ठरतो. दूरदेशी गेलेल्या मिशनऱ्यांचा योगक्षेम मोठ्या देणग्यांइतकाच मुलांच्या खाऊच्या पैशांवर आणि गृहिणींच्या काटकसरीवर चालत आला आहे. हे कसे घडले, त्यात हिताचे काय व धोक्याचे काय, हे दानशूर वाचकांपुढे मांडावे, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम दोन जहाजांची हकीकत सांगतो. दक्षिण समुद्रातील बेटांवर काम करणारे जॉन विल्यम्स हे 1839 साली एरोमांगा बेटावर मारले गेले. त्यांच्या पश्चात लंडन मिशनरी सोसायटीने बेटाबेटांतील दळणवळणासाठी जहाज घेण्याचे योजिले आणि त्याचा भार मुलांवर टाकला. मुलांनी 6 हजार पौंडांहून अधिक रक्कम जमविली, व 1844 साली ‘जॉन विल्यम्स’ हे जहाज समुद्रावर गेले. पुढे 1856 साली अमेरिकेतील बॉस्टन येथील अमेरिकन बोर्डाने मायक्रोनेशियाच्या बेटांसाठी ‘मॉर्निंग स्टार’ नावाचे जहाज बांधावयास घेतले. त्याचे दहा-दहा सेंटांचे भाग पाडून ते शब्बाथ शाळांतील मुलांस विकले. अपेक्षेहून पुष्कळ अधिक, म्हणजे सुमारे 28 हजार डॉलर, जमा झाले. त्या जहाजाने मिशनऱ्यांस, त्यांच्या पत्रांस व शिधासामग्रीस बेटोबेटी पोहोचविले.

या योजनेतील मर्म आमच्या वाचकांनी लक्षात घ्यावे. मुलाच्या हाती भाग आला, तेव्हा त्याने भीक घातली नाही. ते त्या जहाजाचे धनी झाले. ज्याचे धनीपण आपल्याकडे आहे, त्याची चौकशी मनुष्य आपोआप करतो. जहाज कोठे पोहोचले, वाटेत वादळ लागले काय, असे प्रश्न घरोघर निघू लागले, आणि आईबापांस नकाशा उघडून उत्तरे शोधावी लागली. दुसरे ‘मॉर्निंग स्टार’ 1869 साली व तिसरे 1884 साली खडकांवर फुटले. दोन्ही वेळां पुन्हा वर्गणी झाली व नवे जहाज निघाले. क्षणिक उमाळ्याने एकदा पैसा मिळतो. जहाज फुटल्यावरही मिळतो तो सवयीने. मुलांस हाताशी धरण्याचा खरा लाभ हाच, की सवय लहानपणी लागते.

आता आपल्याच देशातील उदाहरण घेऊ. मिझोराममध्ये ख्रिस्ती मिशनचे काम 1894 साली सुरू झाले. तेथील स्त्रियांजवळ रोख पैसा नव्हता. पण तांदळाचे मडके त्यांच्या स्वाधीन होते. म्हणून 1910 साली त्यांनी अशी चाल पाडली, की प्रत्येक वेळी स्वयंपाकास तांदूळ काढले म्हणजे त्यांतून एक मूठ बाजूस ठेवावयाची. या चालीस मिझो भाषेत ‘बुहफाई थाम’ म्हणतात. मंडळीतील स्त्रिया तो तांदूळ घरोघर फिरून गोळा करतात. तो विकून आलेले द्रव्य धर्मकार्यास जाते. चाल नुकती पडली होती, तोच 1911-12 साली बांबूस फुलोरा येऊन उंदीर माजले, त्यांनी पिके खाल्ली, आणि ‘मौताम’ म्हणून प्रसिद्ध असलेला दुष्काळ पडला. तरीही मूठ टिकली. आज या मुठीमुठीतून वर्षास कोट्यवधी रुपये उभे राहतात, आणि एके काळी परक्या मिशनऱ्यांची वाट पाहणारी ही मंडळी स्वतःचे मिशनरी इतर प्रांतांत पाठवीत आहे. महाराष्ट्रात मुष्टिफंडाची व पैसाफंडाची कल्पना ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ही गोष्ट परकी वाटणार नाही. भात शिजण्यापूर्वी आईचा हात मडक्याकडून निराळ्या भांड्याकडे वळतो, हे मूल दिवसातून दोनदा पाहते. यापरते दानाचे शिक्षण दुसरे कोणते?

परंतु आम्ही कायद्याचा व्यवसाय करणारे असल्यामुळे दुसरी बाजू मांडणेही आमचे कर्तव्य आहे. ज्या अमेरिकन बोर्डाने ‘मॉर्निंग स्टार’ बांधले, त्याचेच मिशनरी 1813 पासून मुंबईस व 1831 पासून अहमदनगरास काम करीत होते. 1899-1900 च्या भयंकर दुष्काळात अमेरिकेतील लोकांनी धान्य व पैसा पाठविला, आणि कित्येक कुटुंबांनी येथील अनाथ मुलांचा खर्च आपल्या अंगावर घेतला. त्या साहाय्याने जीव वाचले, हे निर्विवाद होय. पण भुकेल्या मुलास अन्नाबरोबर धर्मही दिला जात आहे, असा आक्षेप त्या वेळी आपल्या समाजात घेतला गेला, आणि तो केवळ द्वेषमूलक म्हणून टाकून देण्याजोगा नाही. ज्याच्या पोटात अन्न नाही त्याची संमती ही कायद्याच्या दृष्टीने खरी संमती नव्हे. मग श्रद्धेच्या दृष्टीने ती खरी कशी मानावी? सबब अन्नासाठी दिलेले द्रव्य अन्नासाठीच लागावे, प्रचारासाठी दिलेले प्रचारास लागावे, आणि दोहोंची खाती निराळी असावीत. विश्वस्ताचा पहिला धर्म हाच आहे, आणि दाता आठ वर्षांचा असला म्हणून तो शिथिल होत नाही. उलट अधिक कडक होतो, कारण ते मूल हिशेब मागावयास येणार नाही.

एवढ्यावरून, ज्या कुटुंबांस असे साहाय्य करावयाचे असेल त्यांस आमच्या चार सूचना आहेत. पहिली, मुलाने द्यावयाचे ते त्याचे स्वतःचे असावे. बापाने खिशातून काढून दिलेला रुपया मुलाच्या हातून पेटीत पडला, तर दान बापाचेच झाले. दुसरी, रक्कम अल्प असो, पण नियमित असो. तिसरी, ज्यांस साहाय्य पोहोचते त्यांची केवळ दैन्याची चित्रे मुलांस दाखवू नयेत. त्यांची भाषा, गाणी व शेती यांचीही माहिती द्यावी. नाहीतर मूल दया शिकता शिकता तुच्छता शिकते. चौथी, पैसा कोठे गेला हे वर्षातून एकदा घरी वाचून दाखवावे, आणि मुलास न देण्याचीही मोकळीक असावी. सक्तीने घेतलेली ती पट्टी होय, दान नव्हे.

विधवेने टाकलेल्या दोन टोल्यांची गोष्ट प्रत्येक ख्रिस्ती घरात सांगितली जाते. तिचे महत्त्व रकमेत नसून ती कशातून काढली यात आहे, हे सर्वांस मान्य आहे. आमची एवढीच विनंती आहे, की जे मुलांच्या व गरीब गृहिणींच्या हातून असे द्रव्य स्वीकारतात, त्यांनी श्रीमंताच्या हजारांचा ठेवतील त्याहून दक्षतेने त्याचा हिशेब ठेवावा. दुष्काळात मडक्यातून बाजूस काढलेल्या मुठीची किंमत बाजारभावाने होत नाही.